दहातले सात

ऐंशी सालच्या जुलैत चिचघाटला पूर येणार असं शालिकराम वासनिकने लिहून दिलं, आणि पूर आला नाही.

शालिकराम तेव्हा नागपुरात एका लहानशा पूरसूचना कक्षात सहायक अभियंता होता. कक्ष म्हणजे सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या कौलारू बराकीतल्या दोन खोल्या. एकीत बिनतारी संच आणि तो चालवणारा चंद्रभान. दुसरीत शालिकरामचं आणि त्याच्या साहेबांचं, मधुकरराव देशकरांचं, टेबल. खैरी नदीच्या वरच्या अंगाला, जंगलात, पाऊस मोजणारी तीन ठाणी होती. तिथून आकडे आले की खाली भिवापूरच्या बाजूला नदी किती चढेल ते काढायचं आणि तहसीलदाराला कळवायचं, एवढंच काम. त्यासाठी एक आलेख होता. आडवा पाऊस, उभं नदीचं पाणी आणि मधून गेलेली एक रेघ. ती मधुकररावांनी तरुणपणी, इंग्रजांच्या काळापासूनच्या नोंदी चाळून स्वतः आखली होती आणि तिच्यावर त्यांचा जीव होता.

त्या दिवशी तिन्ही ठाण्यांवरून असे आकडे आले, की रेघेप्रमाणे नदीकाठच्या चिचघाट गावाचा खालचा मोहल्ला पाण्यात जाणार होता. शालिकरामने मजकूर लिहिला: पूर येईल, मोहल्ला रिकामा करावा. मधुकररावांनी सही केली, चंद्रभानने पाठवला. कोतवालाने गावात दवंडी दिली आणि खालच्या मोहल्ल्यातली माणसं भर पावसात पेट्या, कोंबड्या आणि म्हातारेकोतारे बैलगाड्यांवर चढवून टेकडीवरच्या शाळेत गेली.

नदी घाटाच्या पायऱ्यांपर्यंत चढली आणि तिथूनच उतरली. मागून कारण सापडलं. आदलं वर्ष कोरडं गेल्यामुळे वरच्या अंगाचे मालगुजारांनी बांधलेले जुने तलाव तळाला गेले होते, आणि बहुतेक पाऊस त्यांनीच पिऊन टाकला होता. तलाव भरलेले आहेत की रिकामे, हे रेघेला कुठून कळणार? शालिकराम थोडा हळहळला. पण पूर न आलेलाच बरा, असं म्हणून तो पुढच्या कामाला लागला. गावात लोक चार दिवस सरकारची टिंगल करतील, यापलीकडे काही बिघडलं असेल असं त्याच्या मनात आलं नाही.

पोळा होऊन गेल्यावर एक बाई कक्षात आली. पन्नाशीची, अंगाने काटक, हातात कापडी पिशवी. तिचं काहीतरी अर्जाचं काम असेल असं समजून चंद्रभान तिला दुसऱ्या कचेरीचा रस्ता दाखवायला लागला, तर ती म्हणाली की पाणी येतं म्हणून सांगणारा माणूस जिथे बसतो तिथेच तिला जायचं आहे. शालिकराम उठून बाहेर आला. त्याचं आडनाव ऐकून तिने जयभीम घातला आणि आपलं नाव सांगितलं. ती चिचघाटची कांताबाई, खालच्या मोहल्ल्यातली. लेक नागपुरातच, इंदोऱ्यात दिलेली, तिच्याकडे आली होती, म्हणून इकडे वाट वाकडी केली. खुर्चीवर बसायला तिला दोनदा सांगावं लागलं.

मग तिने झालेलं सांगितलं. कोणाच्या शेतात यंदा काय पेरलं हे सांगावं, तशा आवाजात. तिचा नवरा कवडू दम्याने घरीच असायचा. दवंडी झाल्यावर तिने त्याला गाडीत घातलं. टेकडीच्या चढावर चाक घसरलं, गाडी कलंडली, कवडू खाली आला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. त्याला नागपुरात सरकारी दवाखान्यात आणलं. तिथे तो पडून राहिला, छाती भरत गेली आणि श्रावणात वारला.

शालिकरामचा चेहरा बघून बाईच म्हणाली, "मी भांडायले नाई आली जी. मले फक्त इचारायचं हाये. पानी येनार म्हनून तुमाले कसं समजते?"

त्याने कपाटातून आलेख काढला आणि टेबलावर पसरला. आडवा पाऊस, उभं पाणी, हे तिला लवकर समजलं. एकेक ठिपका म्हणजे एकेका वेळचा पाऊस, हेही समजलं. ती वाकून बोटाने रेघ चालत गेली आणि मध्येच थांबली. हे टिकले रेघीवर काहून नाहीत, असं तिने विचारलं. शालिकरामने सांगितलं की पाऊस तेवढाच पडला तरी नदी दर वेळी तेवढीच चढत नाही. कधी जमीन तहानलेली असते, कधी तलाव रिकामे असतात. जुलैत पडला तसा पाऊस दहा वेळा पडला, तर सात वेळा पाणी मोहल्ल्यात शिरतं.

"म्हंजे तीनदा येत नाई."

"नाही येत."

"हे तुमाले तवाच मालूम होतं?"

"होतं."

"मंग दवंडीत काहून नव्हतं?"

"मी लिहिलंच नव्हतं," शालिकराम म्हणाला.

कांताबाईने रेघेखालच्या ठिपक्यांवर एकेक करून बोट ठेवलं. चंद्रभानने चहा आणून ठेवला होता, तो तसाच राहिला.

"तो म्हने, मी येत नाई, पानी येत नाई," ती म्हणाली. "मी म्हटलं, सरकार म्हनते येते, म्हंजे येतेच. तुले काय सरकारहून जास्त समजते का? लय बोलली मी त्याले. अखीन उचलून गाडीत टाकला. सात म्हटलं असतं तरी मी नेलाच असता जी, सात काई कमी नाई. पन भांडली नसती. पावसाचा जोर जराक कमी होऊ देल्ला असता. तो काई खोटा नव्हता ना. तिनातला होता."

एवढं बोलून तिने चहा बशीत ओतून घेतला. जाताना तिने कसलीही मागणी केली नाही. शालिकराम तिला रस्त्यापर्यंत सोडायला गेला, सायकल रिक्षात बसवून दिलं, आणि परत येऊन आलेख गुंडाळताना त्याच्या लक्षात आलं की आपण तिला साधं वाईट वाटलं असंही म्हटलं नाही.

सक्करदऱ्याला घरी गेल्यावर त्याने बायकोला, देवकीला, हे सांगितलं. देवकी शाळेत शिकवायची. तिने विचारलं की नियम काय आहे. नियम असा काही नाही, तो म्हणाला, पण आजवर सगळे येईल किंवा येणार नाही असंच लिहीत आले.

दुसऱ्या दिवशी त्याने मधुकररावांपुढे विषय काढला. इथून पुढे मजकुरात दहापैकी किती तेही लिहावं, असं त्याचं म्हणणं. मधुकररावांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. ते हेकट माणूस नव्हते. शालिकरामला या कक्षात त्यांनीच मागून घेतलं होतं. पण हे त्यांना पटलं नाही. तहसीलदाराला गाड्या जुंपायच्या की नाही एवढंच हवं असतं, ते म्हणाले, त्याच्या हातात सात ठेवून तो काय करणार? आणि लोकांना सात म्हटलं तर ते तीनच ऐकतील. एक माणूस गाडीवरून पडला हे वाईट झालं, पण उद्या सात ऐकून अर्धं गाव घरी बसलं तर किती जातील याचा हिशोब कर.

त्यांचं बोलणं चूक होतं असंही शालिकरामला म्हणता येईना. मग त्याने दुसरी गोष्ट काढली, जी तो वर्षभर मनात धरून होता. गेल्या बारा-पंधरा वर्षांचे ठिपके त्याने आलेखावर लाल शाईने भरले होते. ते रेघेजवळ राहतच नव्हते. पूर्वी आषाढ-श्रावणात रोज थोडा थोडा पडणारा पाऊस आता दोन-तीन आठवडे दडी मारायचा आणि मग दोन दिवसांत सगळा कोसळायचा. वरचं जंगल विरळ झालं होतं, तलाव गाळाने उथळ झाले होते. कोरड्या वर्षी लाल ठिपके रेघेच्या खूप खाली, ओल्या वर्षी खूप वर.

"तुमची रेघ चुकलेली नाही, साहेब," तो म्हणाला. "नदीच तिच्यापासून दूर जायला लागली आहे. दोन्ही बाजूंनी."

मधुकररावांनी लाल ठिपके एकेक करून पाहिले. अशी पंधरा वर्षं कुठल्याही काळात निघतात, ते म्हणाले. त्यांनी स्वतः तरुणपणी अशीच एक रांग बघून साहेबाला सांगितलं होतं की पाऊस कमी होत चालला आहे, आणि पुढची तीन वर्षं पुराची निघाली.

"हवामान बदललं असं म्हणायला तीस वर्षं लागतात, शालिकराम."

"तोवर चिचघाट कुठे ठेवायचं?"

मधुकररावांनी चष्मा पुसला. मजकूर आहे तसाच जाईल, असं त्यांनी सांगितलं. मात्र मजकूर गेल्यानंतर चंद्रभान पलीकडच्या, भिवापूरच्या बिनतारीवाल्याशी काय गप्पा मारतो, ते ऐकत बसायला त्यांना वेळ नव्हता. एवढं बोलून ते जेवायला घरी गेले.

जानेवारीत शालिकराम चिचघाटला गेला. एसटीने भिवापूर, पुढे भाड्याच्या सायकलीने. मिरचीचे दिवस होते. गावाबाहेर सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवून देठ खुडतात त्या मोकळ्या जागेवर, बायका लाल ढिगांपुढे रांगेने बसल्या होत्या आणि त्याला शिंकांवर शिंका यायला लागल्या. संध्याकाळच्या आधी शाळेत बैठक झाली. पोलीस पाटील भैय्याजी बसले होते. त्यांचं घर नदीपासून वर, मारुतीच्या देवळाशेजारी. देवळाच्या जोत्यावर त्यांच्या आजोबांच्या काळातल्या पुराची खूण होती, आणि तिच्यावर पाणी कधी गेलं नव्हतं. कोतवाल बळीराम, कांताबाईचा दीर, दाराशी उभा होता.

शालिकरामने दहातले किती, हे समजावून सांगितलं. लोकांना गंमत वाटली. हा तर मटक्याचा आकडा झाला, असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. येते का नाई ते सांगा, नाहीतर सांगू नका, असं भैय्याजी म्हणाले. बोलणं तिथेच संपायचं, पण मागे बायकांत बसलेली कांताबाई बोलली.

"आभाळ आलं का आपन सातऱ्यावरची मिरची गोळा करतो. दरवक्ती पानी येते का? मंग कवा गोळा करतो? आभाळ कितीक काळं हाये, माल किती पसरला हाये, हात किती हायेत, हे पाहूनच ना?"

मग गावानेच आपलं ठरवलं. पाच सांगितले की म्हातारी माणसं, लेकरं आणि जनावरं वर न्यायची, सात सांगितले की सगळ्यांनी जायचं. भैय्याजींनी मान डोलावली, पण सरकारी मजकूर तो सरकारी मजकूर, असंही ऐकवलं.

पुढचं वर्ष साधं गेलं. ब्याऐंशीच्या जुलैत मात्र पावसाने दडी मारली. धानाची रोवणी, म्हणजे भातलावणी, करावी की नाही, हे विचारायला भैय्याजी स्वतः नागपूरला आले. असं वर्ष आजवर काय करत आलं ते शालिकरामने लाल ठिपक्यांत बघितलं आणि तलाव न भरण्याचे दहात सहा असं सांगितलं. चार भरण्याचेही आहेत, हे त्याने दोनदा बजावलं. अर्ध्या गावाने रोवणीचा नाद सोडून तूर आणि तीळ पेरला. तलाव भरले नाहीत. रोवणी केलेल्यांचं धान ऑक्टोबरात वाळून गेलं.

त्यानंतर चिचघाटहून नागपूरला येणारा माणूस कक्षात डोकावून जायला लागला. कोणी घराचा पाया कधी खणावा ते विचारायचं, एकाने हरवलेल्या बैलाबद्दल विचारलं. चंद्रभानला मजा वाटायची. शालिकरामला धाकधूक वाटायची. त्याने सहा सांगितले होते आणि लोकांनी त्याचे दहा केले होते.

त्र्याऐंशीच्या सप्टेंबरात, गणपती उठल्यानंतर, बंगालच्या उपसागरातून एक वादळी पट्टा आला आणि पूर्व विदर्भावर ठाण मांडून बसला. या खेपेला तलाव काठोकाठ भरलेले होते, जमीन पाणी पिऊन फुगलेली. दुपारी आकडे आले. मधुकररावांच्या रेघेप्रमाणे नदी धोक्याच्या खुणेच्या खाली राहत होती. मजकूर तसाच तयार झाला: नदी धोक्याच्या खुणेखाली राहील. मधुकररावांनी दोनदा तपासून सही केली.

शालिकरामने नुसते लाल ठिपके धरून काढलं. पाच आले. ठिपके थोडे होते. एक इकडचा तिकडे झाला तरी पाचाचे चार झाले असते, नाहीतर सहा. कागदावर पेन्सिल ठेवून तो बसून राहिला. सात सांगावेत असं त्याच्या मनात आलं. सात म्हटलं की सगळं गाव हलतं. पण ते सात त्याच्या भीतीतून आलेले होते, पावसातून नव्हते, हे त्याचं त्याला कळत होतं. आणि आज भीतीचे सात सांगितले आणि पाणी आलं नाही, तर पुढल्या खेपेला खऱ्या सातांना कोण विचारणार? त्याने चंद्रभानला पाच सांगितले. चंद्रभानने मजकूर पाठवला, मग आवाज जरा उतरवून पलीकडच्या गड्याला पाच सांगितले. त्याने सायकलवर माणूस पाठवला.

चिचघाटला दोन्ही गोष्टी बरोबरच पोचल्या. कागद म्हणत होता नाही, तोंडी निरोप म्हणत होता पाच. भैय्याजींनी कागद धरला, पण कोणाला अडवलं नाही. बळीरामने आधी नोकरीप्रमाणे सरकारी दवंडी दिली, मग ढोल घरात ठेवून दारोदार फिरला आणि पाच सांगितले. उजेड होता तोवरच खालच्या मोहल्ल्यातली म्हातारी माणसं, लेकरं आणि गाईगुरं टेकडीवर गेली. कांताबाई प्रत्येक गाडीमागे चालत होती आणि चढावर चाकाला दगड लावायला लावत होती. धडधाकट माणसं घरं राखायला खाली राहिली. मारुतीजवळच्या वस्तीतलं कोणीच हललं नाही.

दिवस उगवताना पाणी आलं. मोहल्ला बुडाला, मारुतीच्या जोत्यावरची जुनी खूण बुडाली, भैय्याजींच्या अंगणात पुरुषभर पाणी झालं. लोक कौलांवर चढले, चिंचेच्या झाडांवर चढले, आणि बहुतेक सगळे वाचले. दोघं गेली. म्हातारी सुभद्रा टेकडीवर नेली होती, पण पहाटे तिची बकरी राहिली म्हणून कोणाला न सांगता खाली उतरली. तिला आणायला बळीराम गेला. तो तिला पाठीवर घेऊन निघालेला लोकांनी वरून पाहिला होता. तेवढ्यात पाण्याचा लोंढा आला.

महिन्याभराने चौकशीला वरून एक अधिकारी आले. कागद नाही म्हणतो आणि निरोप पाच म्हणतो, हे काय प्रकरण आहे, असं त्यांनी विचारलं. शालिकराम काही बोलायच्या आत मधुकरराव उभे राहिले. कागदावर सही माझी आहे आणि रेघही माझी आहे, ते म्हणाले. निरोप या माणसाचा, आणि त्यावर जे टेकडीवर गेले ते माझ्या कागदावर खाली राहिले असते.

अधिकारी चांगल्या स्वभावाचे होते. त्यांनी शालिकरामला एकच प्रश्न विचारला. "पाचाऐवजी तुम्ही सात सांगितले असते, तर ती दोघं वाचली असती ना?"

"वाचली असती."

"मग का नाही सांगितले?"

"सात नव्हते म्हणून."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. चौकशीत कोणावर ठपका आला नाही. पण त्या संध्याकाळी घरी जाताना सक्करदऱ्याच्या तलावाजवळ शालिकराम सायकलवरून उतरला आणि उरलेला रस्ता पायी गेला. जेवताना देवकीने विचारलं, पुढच्या वक्ती असं झालं तर सात म्हणाल का? त्याने पुष्कळ विचार केला आणि माहीत नाही म्हणून सांगितलं.

मधुकरराव मार्चमध्ये निवृत्त झाले. जायच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी नवा आलेख कागद मागवला, काळे आणि लाल सगळे ठिपके आपल्या हाताने पुन्हा भरले, आणि एका रेघेच्या जागी दोन आखल्या. एक वरची, एक खालची, मध्ये चांगला रुंद पट्टा. नदी यात कुठेतरी असेल, ते म्हणाले, याहून जास्त मला सांगता येत नाही. खाली त्यांनी शालिकरामचंही नाव लिहिलं.

त्याच उन्हाळ्यात चिचघाटने गाव हलवायचं ठरवलं आणि शालिकरामला बोलावणं आलं. बळीरामच्या दुखवट्यानंतर तो पहिल्यांदाच तिथे जात होता. कांताबाई त्याच्याशी धड बोलेल की नाही याची त्याला खात्री नव्हती. ती दिसली तेव्हा तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. बळीरामचं नाव तिनेही काढलं नाही, त्यानेही नाही.

प्रश्न जागेचा होता. भैय्याजी आता सगळ्यांच्या आधी टेकडीच्या माथ्यावर जायला निघाले होते. माथ्यावर पाणी कधीच येणार नाही, हे शालिकरामलाही ठामपणे सांगता आलं. पण तिथे शाळेजवळ एकच विहीर होती आणि ती होळीला आटायची. मधल्या उतारावर पळसाच्या झाडांत जुनी बावडी होती, तिला वैशाखातही पाणी असायचं. तो उतार मात्र या पुरात निम्मा बुडाला होता.

बायका एका बाजूला झाल्या आणि पुरुष एका बाजूला. माथ्यावर राहायचं तर रोजचं पाणी डोक्यावर कोण वाहणार, हे बायकांनी विचारलं. भैय्याजी म्हणाले, दुसरी विहीर खोदू. शालिकरामने खरं ते सांगितलं. माथ्यावर खडक आहे. तिथे पाणी लागलं तरी कोरड्या वर्षी टिकायचं नाही, आणि कोरडी वर्षं पूर्वीपेक्षा जास्त येतील असा त्याचा अंदाज होता. उतारावर पुन्हा पूर येईल का, तर येईल. किती वर्षांनी? जुन्या हिशोबाने तीस वर्षांनी म्हटलं असतं. आता दहा वर्षांत येईल की पंधरा वर्षांत, हे त्याला माहीत नव्हतं.

दुपार वादात गेली. शेवटी बहुतेक घरं माथ्यावर गेली. पाणी बावडीचंच, आणि ते पुरुषांनीही कावडीने आणायचं असं ठरलं. शालिकरामला ते कितपत टिकेल याची शंका होती, पण हे कोणी त्याला विचारलं नव्हतं. पाच-सहा घरांनी उतारच धरला. त्यांत कांताबाई होती.

तुम्ही वर जा, असं त्याला तिला सांगायचं होतं, आणि त्याने सांगितलंही. तिने ऐकून घेतलं.

"माहे गुडघे गेले जी," ती म्हणाली. "रोज दोन खेपा चढन्यापेक्षा पानी येईन त्या दिवशी एक खेप चढीन. लेकीलेही सांगतलं हाये. तुमी नका घोर करू."

भैय्याजींनी हाक मारली. उतारावरच्या घरांच्या जागांची मोजणी आधी उरकून घ्यायची होती, ऊन कलत होतं. मोजणीच्या दोरीचं एक टोक भैय्याजींच्या हातात होतं. दुसरं शालिकरामने धरलं आणि तो पळसांमधून वरच्या बाजूला, दोरी ताणली जाईल तितका, मागे सरकत गेला. आणखी वर घ्या, असं तो म्हणाला. कांताबाईने बावडीकडे पाहिलं, आपल्या पायांकडे पाहिलं आणि इथेच असू द्या म्हणाली. भैय्याजींनी तिथेच तिच्या घराची खुंटी ठोकली.